ऐदु निमिष

"ऐदु निमिष, सर," ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर फोनवर अप्पांना म्हणाला, आणि सुप्रीताने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. बेंगळुरूत पाच मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे अख्ख्या के. आर. पुरममध्ये तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तेवीस.

नववीच्या गणिताच्या प्रोजेक्टसाठी तिने दोन महिने 'पाच मिनिटांत येतो' म्हणणाऱ्यांच्या वेळा मोजल्या होत्या. रिक्षावाले, पार्सलवाले, गॅसवाले. सांगितलेल्या वेळेला चार पॉइंट सहाने गुणायचं, की खरी वेळ. प्लंबर वगळावा लागला. तो अजून यायचाय. बक्षीस द्यायला येणारे पाहुणेही बरोबर तेविसाव्या मिनिटाला उगवले, तेव्हा सगळी शाळा हसली होती. तीसुद्धा.

समोर सोफ्यावर आज्जा छाती धरून बसले होते. सदरा घामाने चिकटलेला, ओठ राखेच्या रंगाचे.

"अप्पा, तेवीस मिनिटं लागतील त्याला. परत जायला वेगळी."

"सुप्रीता, हे प्रोजेक्ट नाहीये."

"म्हणून तर सांगतेय. हॉस्पिटल पुलापलीकडे. पायी चौदा."

"आज्जांना चालवायचं का आता?"

तिने अप्पांच्या ऑफिसच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. पाच चाकं होती. मानेला उशी पण होती.

अप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं, ही आपलीच का म्हणून. मग पुन्हा फोन लावला. सहा मिनिटं उलटली होती.

"ऐदु निमिष, सर."

आज्जांनी डोळे उघडले. "गुणाकार तपासलास गं?"

"दोनदा, आज्जा."

"सरी, बरोबर आहे. मग चला."

रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. अप्पा खुर्ची ढकलत होते, सुप्रीता बाजूने धावत होती. ट्रॅफिक पोलिसाने सवयीने खुर्चीला नंबरप्लेट आहे का बघितलं, आज्जांचा चेहरा बघितला, आणि शिट्टी फुंकून दोन बस मागे सरकवल्या.

पुलाखाली त्यांची ॲम्ब्युलन्स भेटली. सायरन जोरात, चाकं जागच्या जागी. ड्रायव्हरने काच खाली केली.

"पेशंट?"

"हो," अप्पा म्हणाले.

त्याने पुढच्या गाड्या बघितल्या, मागच्या बघितल्या, आणि मान खाली घातली. मागचं दार उघडून नर्स ऑक्सिजनचा सिलिंडर काखेत मारून उतरली आणि खुर्चीबरोबर पळू लागली. तेवढ्यात एक चाक निखळून गटारात गेलं. चाक निखळणं सुप्रीताने हिशेबात कुठेच धरलं नव्हतं. खुर्ची एका अंगाला कलली, आज्जांनी आधारासाठी तिचं मनगट पकडलं.

"किती झाली?" अप्पांनी धापा टाकत विचारलं.

घड्याळ आज्जांच्या मुठीखाली होतं. बघायचं तर एकेक बोट उचलावं लागलं असतं.

तिने हात हलवला नाही. आज्जांची बोटं अजून मनगट दाबत होती.