अठरा तासांची बैठक

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रिया येऊन बसली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सुखदेव सहापासूनच बसला होता. "मी पण करणार," असं ती आदल्या दिवशी आपण होऊन म्हणाली होती आणि तेव्हापासून या माणसाचे पाय जमिनीवर नव्हते. नऊ वर्षांच्या लेकीसाठी त्याने खुर्चीवर उशी ठेवली, कोको केला, सफरचंद चिरून ठेवलं. भिंतीवरच्या फोटोला घालायला झेंडूचा हार इथे कुठून मिळणार, म्हणून सुपरमार्केटातली ट्युलिप्स वाहिली होती.

चौदा एप्रिल. जयंती. ज्यांची जयंती, ते दिवसाचे अठरा तास वाचत. म्हणून त्या दिवशी आपणही अठरा तास वाचायचं. नागपूरच्या वसतिगृहात सुखदेवने हे सात वर्षं केलं होतं, चारशे पोरांच्या सभागृहात, मांडीला मांडी लावून. वाल्डॉर्फला, या जर्मन गावात, आल्यापासून गेली अकरा वर्षं तो एकटाच बसत होता.

रजेचं कारण इथे कोणी विचारत नाही. तरी एका सहकाऱ्याने विचारलं होतं, कुठे फिरायला जाणार का? घरी वाचत बसणार म्हटल्यावर तो खूश झाला. छान, म्हणाला, आराम कर. आराम! आता याला कुठून सुरुवात करून सांगायचं?

शैला दवाखान्यात ड्यूटीला निघताना दारातून म्हणाली होती, "अहो, पोरीला डांबून ठेवू नका हं. ईस्टरची सुट्टी आहे तिची."

"मी कुठे डांबतोय? तीच म्हणाली."

प्रियाने लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. घोड्यांच्या पागेत राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट होती, जर्मन. कुठल्याही भाषेतलं चालेल, असं सुखदेवने मोठ्या मनाने आधीच जाहीर केलं होतं.

वाचताना तिचे ओठ किंचित हलायचे. गमतीचं काही आलं की ती नाकातल्या नाकात हसायची. हे सुखदेवला ठाऊकच नव्हतं. सफरचंदाची फोड घ्यायला तिचा हात पुस्तकावरची नजर न काढता टेबलावर चाचपडायचा. त्याने ताटली जवळ सरकवली. उजेड कमी पडतोय असं वाटलं, म्हणून उठून पडदा सारला.

"पप्पा, वारूम? अठराच का?" तिने मधेच विचारलं. "श्ट्राफं आहे का ही?"

"शिक्षा नाही गं. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं. येऊ दिलं नव्हतं कोणी. म्हणून आपण जास्तीचं वाचायचं. त्यांच्या वाटचं."

"आख सो, असं होय," ती म्हणाली आणि तिने पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

सुखदेवचा ऊर भरून आला. खरं सांगायचं तर या अकरा वर्षांत त्याला पुस्तकांची वानवा कधीच नव्हती. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं, दुःख एवढंच होतं.

दहाच्या सुमाराला प्रियाने पुस्तक मिटलं. बोट मात्र आत ठेवलं.

"पप्पा, तू वाचत नाहीयेस."

"वाचतोय की."

"नाइन, नाही. तू पान उलटलंच नाहीस. दोन तास. तू फक्त मला बघतोस. मला असं नाही वाचता येत."

ती उठली, उशी काखेत मारली आणि आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

सुखदेव उठून खिडकीशी गेला. खाली पोरं सायकलवरून आरडाओरडा करत फिरत होती. आता थोड्या वेळाने हीही खाली जाणार, हे त्याला दिसतच होतं. कोणाला दोष द्यायचा? शैलाने बजावलं होतं, आपणच शहाणपणा केला. अकरा वर्षांत अंगवळणी पडलेला एकटेपणा दोन तासांच्या सोबतीने पुन्हा नवा कोरा झाला होता.

अर्ध्या तासाने त्याला राहवेना. कोकोचा दुसरा कप घेऊन तो तिच्या दाराशी गेला. टकटक केली. पुन्हा केली. मग दार किलकिलं करून पाहिलं.

पलंगाला पाठ टेकून प्रिया जमिनीवर बसली होती. मांडीवर उशी, उशीवर पुस्तक. निम्म्याच्या पुढे गेलं होतं. तिने मान वर केली नाही.

"प्रिया, कोको आणलाय..."

"पप्पा, जा ना. मी वाचतेय."

आवाजात राग नव्हता. त्या आवाजात सुखदेवच नव्हता. त्याने दार ओढून घेतलं, स्वयंपाकघरात आला आणि कोको स्वतःच पिऊन टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. जीवनचा होता, वसतिगृहातल्या त्याच्या खोलीसोबत्याचा. जीवन आता तिथली सगळी व्यवस्था बघतो आणि जयंतीला तिकडच्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत न चुकता फोन करतो.

"जय भीम!" मागच्या गलबल्यातून जीवन ओरडला. "यंदा पाचशेच्या वर पोरं आहेत, बसायला जागा नाही. तुझ्याकडे किती जण बसले बे?"

हा प्रश्न तो दर वर्षी गमतीने विचारतो आणि दर वर्षी सुखदेव हसून विषय बदलतो.

सुखदेवने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्या बंद दाराकडे.

"दोघं," तो म्हणाला. "आणि जरा हळू बोल."