सात नंबरचं बीपी

राउंडला एखादा रकाना रिकामा दिसला, की डॉ. हर्डीकर केसपेपर भिरकावत. त्याशिवाय ही पोरं शिकत नाहीत, असं त्यांचं ठाम मत.

आज सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं बीपी कोसळलं, कसेबसे वाचले. केसपेपरवर मात्र तासाभरापूर्वीचं बीपी ठणठणीत: एकशेवीस-ऐंशी.

"हे तू घेतलंस?" हर्डीकरांनी नव्या रेसिडेंट डॉक्टरला, शलाकाला, विचारलं.

"दोनदा घेतलं, सर. लागतच नव्हतं," ती खाली बघत म्हणाली. "मलाच जमत नाही असं वाटलं. विचारलं असतं, तर तुम्ही सगळ्यांसमोर..."

भिरकावायला उचललेला केसपेपर त्यांच्या हातातच राहिला. त्यांनी आठ नंबरचा पाहिला. मग नऊचा, दहाचा.

अक्षरं वेगवेगळ्या पोरांची होती. आकडे तेच.