पिंजऱ्याचं तोंड

“साडेचार झाले मावशी. उसवायला घ्या,” व्यवस्थापक म्हणाला.

मावशीने मान वर केली नाही. बेटावरच्या वारसा केंद्रात खिडकीखालचा पाट तिचा होता. होडीतून उतरलेले पाहुणे आधी तिच्यासमोर येत, मासे धरायचा वेताचा पिंजरा ती कसा विणते ते बघत, फोटो काढत आणि दीपगृहाकडे निघून जात. संध्याकाळी तिने दिवसभराची वीण उसवायची. पाहुण्यांना हात चालताना बघायचे असतात, पुरा पिंजरा घेऊन करायचं काय, असं व्यवस्थापकाचं म्हणणं. चार महिने ती एकच पिंजरा विणत होती. उसवून उसवून केंद्राच्या वेताला जागोजागी तडे गेले होते.

आजचा वेत मात्र तिने घरून भिजवून आणला होता. सकाळपासून ती जेवायलाही उठली नव्हती. पिंजऱ्याचं अंग पुरं झालं होतं. राहिलं होतं तोंड.

समोर तिची सून शेवटच्या होडीच्या पाहुण्यांना माहिती देत होती. “पूर्वी या बेटावर घरोघरी असे पिंजरे विणले जायचे.”

“यात मासे खरंच येतात?” काठी टेकत उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं.

सुनेने एकवार व्यवस्थापकाकडे पाहिलं. “पूर्वी यायचे.”

मावशीचा हात थांबला. अख्खी जिवंत बाई समोर बसलेली, आणि हिचं आपलं पूर्वी, पूर्वी.

“आजही येतात,” ती म्हणाली. “पिंजरा पाण्यात गेला तर. पाटावर ठेवला तर कसे येतील?”

पाहुणे हसले. व्यवस्थापक हसला नाही. मावशीने पाण्याच्या बादलीतून वेताची नवी कांब ओढली आणि तोंड विणायला घेतलं. खरी मेख तिथेच असते. आत शिरताना माशाला वाट सापडली पाहिजे, बाहेर यायला निघाला की कांबींची टोकं आडवी आली पाहिजेत. चार महिन्यांत तिची बोटं या कामापर्यंत एकदाही पोचली नव्हती. आधी जरा चाचपडली, मग चालू लागली.

व्यवस्थापक तिच्याजवळ वाकला. “मावशी, हा पिंजरा केंद्राचा आहे.”

“वेत माझ्या परसातला आहे. हातही घरचेच आहेत.”

त्याने आवाज आणखी खाली आणला. “सूनही इथेच कामाला आहे, हे विसरू नका.”

आता मावशीने मान वर केली, पण त्याच्याकडे नाही, सुनेकडे. सुनेने ऐकलं होतं. ती दोन पावलं पुढे आली, वाकली आणि बादली सासूच्या हाताशी सरकवली.

“कांब सुकतेय, आई. आटपा.”

खाली धक्क्यावर होडीचा भोंगा वाजला. एकही पाहुणा हलला नाही. मावशीने शेवटची गाठ मारली, दाताने टोक तोडलं आणि पिंजरा उचलून खांद्यावर घेतला. दारातून तो आडवा जाईना. तिने तो उभा केला आणि बाहेर पडली. मागून सून दोराचं वेटोळं घेऊन निघाली, तिच्यामागे पाहुणे, सगळ्यांच्या शेवटी व्यवस्थापक.

धक्क्याच्या पायऱ्यांवर मावशीने सुनेकडचा दोर पिंजऱ्याला बांधला आणि तो पाण्यात सोडला. तो तरंगू लागला. कुणीतरी खुदकन हसलं. मावशीने दोर ओढून त्याला परत घेतलं आणि इकडेतिकडे पाहिलं. केंद्राच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चुना फासलेले दगड ओळीने मांडले होते. तिने दोन उचलले. सुनेने तीन.

“ते दगड केंद्राचे आहेत,” व्यवस्थापक म्हणाला.

“तुम्ही चुना लावलात साहेब,” मावशी म्हणाली. “दगड किनाऱ्यावरचेच आहेत.”

तिने एकेक दगड तोंडातून आत सोडला. तोंडाच्या कांबी वाकल्या आणि पुन्हा जागच्या जागी आल्या. काठीवाल्या बाई वाकून बघत होत्या.

“उद्यापासून येऊ नका,” व्यवस्थापक म्हणाला. “दोघीही.”

सुनेने दोराचं टोक धक्क्याच्या कडीत ओवलं आणि पाय रोवून गाठ आवळली.

“उद्या आम्हाला सवड कुठली,” मावशी म्हणाली. “ओहोटीला हा वर काढायचाय.”

तिने हात सोडले. पिंजरा कलंडला, भरला आणि खाली निघाला. पांढरे दगड बराच वेळ दिसत राहिले. मग तेही दिसेनासे झाले, आणि धक्क्यावर पडलेला दोर सरसरत पाण्यात जाऊन ताठ झाला.