खडकावरच्या खुणा

खडकांवरून जीप चढवताना आमची ही पुढे उलटी चालायची आणि मी फक्त तिच्या हातांकडे बघायचो. बोट वळलं तिकडे चाक, तळवा हलला की इंच इंच पुढे आणि मूठ वळली की जागच्या जागी ब्रेक. चिखलात मात्र ती शेजारी बसून ओरडायची, "अहो, थांबलात तर रुतलात! पाय काढू नका!" तिथेही मी सवयीने तिच्या हातांकडे बघायचो आणि बोलणी खायचो.

आता ती नळ्यांच्या जाळ्यात पडून आहे, वाचा गेलीय. डॉक्टर म्हणतात, "काका, आता थांबून चालणार नाही. आणखी एक ऑपरेशन करून बघू." मी मान डोलावतो. मला त्यातलं काय कळतंय!

आज सकाळी तिने माझ्याकडे एकटक बघितलं, हात उचलला आणि सावकाश मूठ वळली.

मी जागच्या जागी थांबलो.

"बघितलंत ना बाबा? आई लढतेय!" म्हणत लेकीने सही करायला माझ्या हातात पेन दिलं.