आतलं हसू

विल्यांदी गावातल्या उर्वे आणि माइली या बहिणींचं स्वेटर विणायचं यंत्र जुन्या कॉम्प्युटरवरच चाले, आणि नमुन्यांच्या प्रोग्रॅमला हवी होती नवी सिस्टिम. जुन्याच्याच पोटात नवी चालवायची, असं ठरवून माइलीने व्हर्च्युअल मशीनची दोन सॉफ्टवेअर उतरवून घेतली.

पहिलं अगदीच गोगलगाय निघालं. दुसऱ्यात नवी सिस्टिम झटक्यात सुरू झाली.

"हेच ठेव बाई! नाताळच्या बाजाराला स्वेटर नको का?" कॉफीचा कप हातात घेऊन उर्वे म्हणाली.

स्पीकरमधून कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर उर्वेने कप ठेवला.

"अगं, हे तुझ्या आधीच कॉफी पितंय!" माइली म्हणाली.

उर्वेने गंमत म्हणून चमचा उचलला. तो कपाला लागण्याआधीच स्पीकरमधून किणकिण ऐकू आली.

"माइक बंद कर ना," उर्वे म्हणाली.

"आपल्याकडे माइक आहेच कुठे?"

तेवढ्यात स्पीकरमधून खळखळून हसणं ऐकू आलं. एक हसू उर्वेचं होतं, एक माइलीचं. तिसरं जाडसर, पुरुषी, अगदी त्यांच्या खुर्च्यांमागून आल्यासारखं. घरात तर त्या दोघीच होत्या.

दोघींनी ओठ घट्ट मिटले आणि एकमेकींकडे पाहिलं. उर्वेचे फुगलेले गाल बघून माइलीला हसू फुटायला लागलं.