गाळलेला श्लोक

“देवी दारू प्याली, असं काल व्याख्यानात तुम्ही म्हणालात की नाही?” बळवंतरावांनी विचारलं.

“दारू नाही म्हटलं. मद्य म्हटलं,” सुमंगला म्हणाली.

“म्हणजे तेच.”

उत्सव समितीत कुजबुज झाली. देवासची दोन्ही संस्थानं विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी थोरल्या पातीची आणि धाकट्या पातीची माणसं अजून एका सतरंजीवर बसत नसत. आज बसली होती. सुमंगलाबाईंनी त्यांना एकत्र आणलं होतं.

देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी नवरात्राचा मांडव होता. सकाळी तिथे संस्कृत पोथीचा पाठ होई आणि संध्याकाळी व्याख्यान. यंदा पहिल्यांदाच एका बाईला बोलावलं होतं. मुलींच्या शाळेत शिकवणारी सुमंगला मूळची धारची. तिचे वडील तिथे संस्कृत शिकवत. पोथी तिला त्यांनीच अर्थासकट शिकवली होती. काल तिने महिषासुराची गोष्ट सांगितली, जशी पोथीत आहे तशी. मारण्याआधी देवी जरा थांबली, मद्य प्याली, तिचे डोळे लाल झाले आणि ती मोठ्याने हसली. पुढच्या रांगेतल्या बायकाही हसल्या. मागच्या रांगेतले पुरुष उठून गेले.

बळवंतराव उत्सव समितीचे अध्यक्ष होते, मुलींच्या शाळेचे चिटणीस होते आणि गावातल्या दारूबंदी मंडळाचे संस्थापकही होते. तिन्ही नात्यांनी त्यांच्या भावना दुखावल्या होत्या.

“माफी मागा,” ते म्हणाले. “लेखी. नाहीतर दिवाळीनंतर शाळेत यायची तसदी घेऊ नका.”

नोकरी गेली तर आईला घेऊन धारला काकांच्या दारात उभं राहावं लागणार होतं. तरी सुमंगलाचा आवाज पडला नाही.

“मी आत्ता माफी मागते,” ती म्हणाली. “शास्त्रीबुवांनी एवढंच सांगावं, की हे पोथीत नाही.”

सगळ्यांनी उमाशंकरशास्त्रींकडे पाहिलं. त्यांचं अर्धं आयुष्य हाच पाठ म्हणण्यात गेलं होतं. ते उपरण्याच्या टोकाशी चाळा करत बसले होते.

“आहे,” ते म्हणाले.

मग आखाडा चालवणाऱ्या फत्तेसिंगांना मार्ग सुचला. “भिया, ते दूध असेल. कुस्तीच्या आधी पहलवान दूधच पितो. बदामवालं.”

“दुधाने डोळे लाल होत नाहीत,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“इतकी वर्षं हे आमच्यासमोर म्हणत होतात?” बळवंतरावांचा आवाज चढला. “आणि आम्ही हात जोडून ऐकत होतो? कधी सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं नाही.”

बळवंतराव विचारात पडले. संस्थानच्या दरबारात नोकरीला असताना त्यांनी पुष्कळ अवघड प्रकरणं मिटवली होती. हेही मिटवलं. “ठीक आहे. परवा अष्टमी. सगळं गाव पाठाला येणार. तो श्लोक गाळायचा. पोथी स्वच्छ झाली की बाईंना तिचा आधार घेता येणार नाही. बाईंची व्याख्यानं तूर्त बंद. नोकरीचं दसऱ्यानंतर बघू.”

ठराव एकमताने झाला. कुठला श्लोक, हे कुणी विचारलं नाही. ते शास्त्रीबुवांना माहीत होतं.

“बरं,” शास्त्रीबुवा म्हणाले.

सुमंगलाला समितीचा राग आलाच होता, पण ते ‘बरं’ तिला जास्त लागलं. समितीला अर्थ कळत नव्हता. यांना कळत होता.

अष्टमीला ती मुद्दाम गेली. गाळलेल्या जागी बुवा कसे अडखळतात ते तिला ऐकायचं होतं. बायकांच्या रांगेत तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. समोर बळवंतराव सोवळं नेसून हात जोडून बसले होते. शेजारी फत्तेसिंग डोळे मिटून डोलत होते.

शास्त्रीबुवा रोजच्या घाईने म्हणत होते. शब्द एकमेकांवर चढत होते, कुणाची तक्रार नव्हती. युद्ध सुरू झालं. रेडा आला. सुमंगलाने श्वास रोखला.

बुवा थांबले. घोटभर पाणी प्याले. मग त्यांनी आवाज चढवला आणि तोच श्लोक म्हटला, एकेक शब्द सुटा करून. मद्य, लाल डोळे, हसणं, सगळं. पुन्हा थांबले आणि परत म्हटला, पहिल्यापेक्षा सावकाश.

माणसांनी मान हलवली. मागे कुणीतरी देवीचा जयजयकार केला. बळवंतरावांनी कपाळ जमिनीला टेकलं. सुमंगलाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला. शेजारणीला वाटलं, बाईंना पश्चात्तापाचं रडू येतंय. ती जरा जवळ सरकली.

पाठ संपल्यावर बळवंतराव स्वतः तिच्याकडे चालत आले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

“ऐकलंत, बाई?” ते म्हणाले. “एक श्लोक काढला आणि पाठ कसा उजळला. ते रेड्याचं आलं ना, तिथे तर साक्षात देवी डोळ्यांपुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.”

सुमंगलाने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. शास्त्रीबुवा पोथी कापडात बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मलाही दिसली,” ती म्हणाली.

बळवंतरावांना भरून आलं. सणाच्या दिवशी मन मोठं करावं, असं त्यांना वाटलं.

“झालं गेलं विसरू या,” ते म्हणाले. “नोकरीची चिंता नको. आज संध्याकाळपासून व्याख्यानही सुरू करा. फक्त मनाचं काही घालू नका, बाई. शास्त्रीबुवांनी आज जेवढं म्हटलं, तेवढंच सांगा.”