वाटेची कबुली

"कारण काय लिहू, काका?" विनोदिनीनं विचारलं.

उद्धवराव खुर्चीत पुढे सरकले. "कारण लिहाच लागते का?"

"पैसे घेऊन दिलं तर विक्री होते, तिथं कारण लागत नाही. तुम्ही पैसे घेत नाही, म्हणजे हे दान. दान का देता, ते लिहायची रीत आहे."

"मंग लिहा, तिले खाटेवर तिरपी करून नेली म्हनून."

विनोदिनी वकीलबाईंचं ऑफिस तेलंगणातल्या बोथमध्ये, रजिस्ट्री ऑफिसच्या अगदी समोर. टेबलापलीकडे दोन भाऊ बसले होते. थोरले उद्धवराव, धाकटे अमृतराव. मधली खुर्ची रिकामी होती. वाटण्या झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

गावात उद्धवरावांचं घर रस्त्याला आणि अमृतरावांचं त्याच्या मागे. मधली बोळ एका माणसाच्या अंगाची. अमृतरावांच्या बायकोला, रुख्मिणीला, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पंकजनं, त्यांच्या मुलानं, आदिलाबादहून चाकाची खुर्ची आणली, पण ती बोळीतून निघेना. दवाखान्यात न्यायचं तर चौघं जण तिला खाटेवर घालून, खाट आडवी-तिरपी करत बाहेर काढायचे. एकदा हे उद्धवरावांनी आपल्या ओट्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंकडे आले, आणि अंगणाची बोळीकडची पट्टी भावाच्या नावानं करून द्यायची आहे म्हणाले.

"फुकट घेनार नाही म्हना त्याईले," अमृतराव खिडकीकडे बघत म्हणाले.

"त्याले सांगा, मी दुकान मांडलं नाही," उद्धवराव म्हणाले.

"जागा तोंडी दिली तरी चालंल म्हना. कागद कायले पाह्यजे?"

"तोंडी नाही. मी मेल्यावर माह्या पोरानं तिथं टाटी घातली तं? मंग पुन्हा खाट तिरपी."



विनोदिनीनं टाइपिस्टला तेलुगूत मजकूर सांगायला सुरुवात केली. हद्दी झाल्या, लांबी-रुंदी झाली. मग ती म्हणाली, "प्रेमाभिमानमुलतो."

"थांबा," उद्धवराव म्हणाले. त्यांना बाजारापुरती तेलुगू येत होती, कागदाची येत नव्हती. "त्यात अभिमान काऊन घातला? त्याच्यानंच तं सारं झालं."

"काका, तेलुगूत अभिमान म्हणजे माया. प्रेमानं, मायेनं देतो, असं लिहिलंय. नको असेल तर काढते."

उद्धवरावांनी टाइपिस्टच्या थांबलेल्या बोटांकडे पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

दुपारी नंबर लागला. रजिस्ट्रारच्या टेबलासमोर दोघं भाऊ उभे राहिले, त्यांच्या मागे विनोदिनी. देणाऱ्याला विचारायचं ते विचारून झालं: आपल्या मर्जीनं देता का, कोणाची जबरदस्ती तर नाही. उद्धवरावांनी सही केली, मशीनवर अंगठा ठेवला. मग साहेबांनी अमृतरावांना तेलुगूत विचारलं, हे दान तुम्हाला कबूल आहे ना?

अमृतराव टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले.

साहेबांनी पुन्हा विचारलं.

"काका, कबूल म्हणा," विनोदिनी कानाशी म्हणाली. "घेणाऱ्यानं घेतल्याशिवाय दान पुरं होत नाही."

"घेतो," अमृतराव म्हणाले. "पन एक अट हाय. त्या वाटेनं पयले दादानं घरी आलं पाह्यजे. नाही आले तं मले ते वाट नाही पाह्यजे."

साहेबांनी प्रश्नार्थक नजरेनं वकीलबाईंकडे पाहिलं. विनोदिनीनं तेलुगूत सांगितलं, मग मराठीत वळली. "असं चालत नाही, काका. कबुलीला अट जोडली की ती कबुली राहत नाही. घ्यायचं तर बिनशर्त."

"मंग राहू द्या."

मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघू लागली. उद्धवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते धाकट्याकडे वळले.

"अमृत," ते म्हणाले, "साहेबाचा येळ खाऊन राह्यला तू. कबूल म्हन. येतो मी."

अमृतरावांनी मान वळवली. "कबूल," ते म्हणाले, आणि चुकीच्या हाताचा अंगठा पुढे केला. साहेबांनीच तो मागे सारून दुसरा हात धरला.

गावी परतल्यावर, ऊन उतरायच्या आत, पंकज आणि त्याच्या चुलतभावानं अंगणाचं कुंपण काढलं, दगड बाजूला सारले. कुदळीनं जमीन सारखी केली. उद्धवराव ओट्यावरून उठले, चपला पायात सरकवल्या आणि त्या पट्टीवरून मागच्या घराकडे निघाले. अमृतराव त्यांच्या दोन पावलं मागे.

रुख्मिणी दारात चाकाच्या खुर्चीवर बसली होती. भासरे, म्हणजे थोरले दीर, येताना दिसले तशी ती गडबडली; त्यांच्यापुढं डोक्यावर पदर हवा. उजवा हात मांडीवर निपचित होता. डाव्या हातानं तिनं खांद्यामागचा पदर चाचपला. तो बोटांत येई आणि निसटे.

अमृतराव पुढे धावले.

"थांब," उद्धवराव म्हणाले. "पदर तिचा तिले घेऊ दे."

ते जागीच थांबले, पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. मागून बांगड्या वाजत होत्या, थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या. पदर डोक्यावर येईपर्यंत उद्धवरावांनी मागे वळून पाहिलं नाही.